एक वापरायला, एक राखायला

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि स्कॅन्डिनेव्हियातील देशांत रानावनांत भटकंती करणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. तंबू, होकायंत्र, दोरी आणि विस्तव पेटवण्याचे साहित्य यांच्याबरोबर कमरेला एक मजबूत चाकू बाळगणे ही या मंडळींची जुनी रीत. लाकूड सोलणे, शेकोटीसाठी बारीक ढलप्या काढणे, दोर कापणे, पकडलेली मासळी साफ करणे, तंबूच्या खुंट्या तासणे अशी अनेक कामे या एका अवजारावर होतात. साहजिकच त्यातून चाकूंचे शौकीन तयार होतात आणि शौकिनांचे संग्रहही उभे राहतात. मात्र असा संग्रह पाहणाऱ्या तिऱ्हाइताला एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. त्यात एकाच कारखान्याचे, एकाच नमुन्याचे, एकाच मापाचे चाकू दोन-दोन, तीन-तीन असतात, क्वचित पाच-सहाही. वेगवेगळ्या प्रकारचे चाकू जमवणे समजण्यासारखे आहे. पण जो हाताशी आहे, जो उत्तम चालतो आहे, नेमका तोच पुन्हा विकत का घ्यावा?

वरवर पाहता हा हौसेचा अतिरेक वाटतो, आणि काही अंशी तो असतोही. तथापि या सवयीच्या मुळाशी गेले तर पोलादाचे गुणधर्म, कारखानदारीचा इतिहास, बाजाराची चतुराई आणि मानवी मन अशा चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात. चाकूशी ज्यांचा स्वयंपाकघरापलीकडे संबंध नाही, अशा वाचकांनाही त्यात स्वतःच्या कपाटातील काही वस्तूंचे स्पष्टीकरण सापडू शकेल.

धारेबरोबर पातेही जाते

सर्वांत साधे कारण प्रथम पाहू. चाकू हे वापरागणिक संपत जाणारे अवजार आहे. धार लावणे म्हणजे पात्याच्या कडेचे पोलाद दगडावर घासून काढणे. प्रत्येक वेळी जाणारा अंश डोळ्यांना दिसणार नाही इतका सूक्ष्म असतो. पण वर्षे लोटली की त्याचा हिशेब पात्यावर स्पष्ट उमटतो. पाते अरुंद होते, टोक मागे सरकते, पोटाचा बाक सपाट होतो. जुन्या घरातील वापरातल्या सुरीचे पाते मुठीच्या मानाने विलक्षण बारीक दिसते, ते याच कारणाने.

यात आणखी एक अडचण असते. पाते हे पाचरीसारखे असते. कण्याकडे जाड आणि धारेकडे पातळ. धार झिजून वर सरकू लागली की ती पाचरीच्या अधिक जाड भागात येते. मग चाकू तीक्ष्ण असूनही लाकडात पूर्वीसारखा शिरत नाही. अनुभवी माणूस पात्याच्या बाजू घासून ते पुन्हा पातळ करतो. परंतु कारखान्यातून आलेली मूळ घडण पुरती परत आणणे कठीण असते. ज्याला त्या घडणीची सवय झाली आहे, त्याला तीच घडण पुन्हा हवी असते.

ही गोष्ट लोखंडापेक्षाही जुनी आहे. आल्प्स पर्वतात १९९१ मध्ये बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' या मानवाजवळ चकमकीच्या दगडाचे पाते आणि लाकडी मूठ असलेला लहानसा खंजीर होता. त्याच्याजवळची दगडी हत्यारे पुन्हा पुन्हा धार काढून बरीच झिजलेली होती, असे अभ्यासकांना आढळले. दगडाला धार काढण्याचे वेगळे उपकरणही त्याच्यापाशी होते. हत्यार झिजणार, याची तजवीज करणे हे माणसाला तेव्हाही ठाऊक होते.

आज या तजविजीचे सर्वांत सोपे रूप म्हणजे स्वीडनचा 'मोरा' चाकू. त्या देशातील दालार्ना प्रांतात मोरा नावाचे गाव आहे. उत्तर अमेरिकेत लाकूडतोडीचे काम करून परतलेल्या फ्रॉस्ट-एरिक एर्सन यांनी १८९१ मध्ये तेथे लाकूड वाहून नेणाऱ्या घसरगाड्यांचा कारखाना काढला आणि जोडधंदा म्हणून चाकू घडवायला सुरुवात केली. पुढे जोडधंदाच मुख्य झाला. सुमारे दहा सेंटिमीटरचे पाते, साधी मूठ आणि प्लास्टिकचे म्यान असा हा चाकू अमेरिकेत पंधरा-वीस डॉलरांच्या आसपास मिळतो. कॅनडातील रानविद्येचे नामवंत शिक्षक मॉर्स कोहान्स्की यांनी या स्वस्त चाकूचा आयुष्यभर पुरस्कार केला. इतक्या किमतीचा आणि इतका भरवशाचा चाकू असेल, तर एक घरात, एक मोटारीत आणि एक मासेमारीच्या पेटीत ठेवणे यात कोणालाही उधळपट्टी वाटत नाही. येथे दुसरी प्रत ही केवळ सोय असते.

'दोन म्हणजे एक, एक म्हणजे शून्य'

अमेरिकी सैनिकांत आणि गिर्यारोहकांत या अर्थाचे एक वचन रूढ आहे. एकच वस्तू जवळ असेल तर ती हरवताच आपण रिकाम्या हाती उरतो. म्हणून दोन असतील तेव्हाच एक आहे असे समजावे. शहरात चाकू हरवला तर दुसऱ्या दिवशी दुकानातून आणता येतो. बर्फाळ अरण्यात, वस्तीपासून दोन दिवसांच्या वाटेवर तो नदीत पडला तर विस्तव पेटवण्याचे साधनच गेले. स्वीडिश हवाई दलाने वैमानिकांसाठी १९९५ मध्ये फेलक्निव्हेन या कंपनीचा 'एफ-१' हा चाकू स्वीकारला, तोही असाच विचार करून. विमान कोसळून वैमानिक उत्तरेकडील जंगलात उतरला तर त्याच्या अंगावर जे असेल तेवढ्यावरच त्याचा जीव अवलंबून असतो.

परंतु मग दुसरा चाकू वेगळ्या प्रकारचा का घेऊ नये? येथे हाताच्या सवयीचा प्रश्न येतो. रोजच्या वापरातील अवजार हाताला पाठ झालेले असते. मुठीचा घेर किती, पाते कोठे सुरू होते, म्यानातून काढताना अंगठा कोठे टेकवायचा, कोणत्या कोनात धरले की लाकडाची साल अखंड निघते, हे सारे विचार न करता घडते. अंधारात, थंडीने बोटे बधिर झालेली असताना अनोळखी मुठीचा चाकू हाती आला तर जखम होण्याची शक्यता वाढते. सुतार आपल्याच रंध्याचा आग्रह धरतो, न्हावी आपलाच वस्तरा शोधतो, तसेच हे आहे. पर्यायी अवजार हुबेहूब असले, तरच शिकलेले कौशल्य त्याला जसेच्या तसे लागू पडते.

हरवण्याचे एक आधुनिक ठिकाण म्हणजे विमानतळ. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा लाल मुठीचा बहुउपयोगी चाकू जगभर लोकांच्या खिशात असतो. २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यांनंतर विमानाच्या कक्षात चाकू नेण्यावर कडक बंदी आली आणि विमानतळांवरील दुकानांतून होणारी विक्री थांबल्याने या कंपनीला मोठा फटका बसला. दुसरीकडे, खिशातला चाकू विसरून सुरक्षा तपासणीत गमावलेल्या असंख्य प्रवाशांनी घरी पोहोचल्यावर नेमका तोच नमुना पुन्हा मागवला. वर्षानुवर्षे बरोबर राहिलेल्या वस्तूची जागा तिच्यासारखीच वस्तू घेऊ शकते, असे माणसाला वाटते. निदान तशी आशा असते.

नाव तेच, चाकू वेगळा

ज्याला बाहेरचा माणूस 'तोच चाकू' म्हणतो, तो जाणकाराच्या दृष्टीने अनेकदा तोच नसतो. कंपन्या नमुन्याचे नाव आणि बाह्यरूप कायम ठेवतात. पण आतले पोलाद, मुठीचे साहित्य, घडवण्याची जागा बदलत जाते. अमेरिकेतील बक कंपनीचा '११०' हा मिटवता येणारा शिकारी चाकू १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून चालत आला आहे. पितळी टोके आणि गडद लाकडी मूठ हे त्याचे रूप आजही ओळखू येते. पण त्याचे पाते आधी '४४०सी' या पोलादाचे होते आणि कालांतराने '४२०एचसी' या पोलादाचे झाले. शिवाय २००५ मध्ये कारखाना कॅलिफोर्नियातून आयडाहो राज्यात गेला. त्यामुळे एका शौकिनाकडे तीन '११०' असतील, तर ते त्याच्या लेखी तीन वेगळे कालखंड असतात.

फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तयार केलेला लाकडी मुठीचा साधा चाकूही असाच. १८९७ मध्ये त्याची क्रमांकवार मापे ठरली. १९५५ मध्ये पाते हाताच्या बोटांवर मिटू नये म्हणून मुठीच्या टोकाला फिरणारे कडे बसवण्यात आले. आज तो साध्या कार्बन पोलादात आणि न गंजणाऱ्या पोलादात, अशा दोन्ही प्रकारांत मिळतो. कार्बन पोलादाला लवकर धार चढते. पण ओल राहिली की ते डागाळते आणि गंजते. न गंजणारे पोलाद खाऱ्या हवेत टिकते. एक डोंगरासाठी आणि एक समुद्रकिनाऱ्यासाठी, अशी दोन ओपिनेल बाळगणाऱ्याचा निर्णय किनारपट्टीवर राहणाऱ्या आपल्या वाचकांना तरी समजावून सांगण्याची गरज नाही.

अमेरिकेतील केस कंपनीने तर हा भेद मोजण्याची सोयच करून दिली. १९७० मध्ये तिने पात्याच्या बुडाशी असलेल्या शिक्क्याखाली दहा ठिपके उमटवले आणि दरवर्षी एकेक ठिपका कमी करत नेला. त्यामुळे चाकू कोणत्या वर्षीचा हे ठिपके मोजून सांगता येऊ लागले. अशी खूण मिळाल्यावर संग्राहकाला दहाही वर्षांचे चाकू हवेसे वाटावेत, यात नवल नाही. नाणी आणि पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांचे मन वेगळे काय असते?

बंद पडलेल्या कारखान्यांची आठवण

दुसरी प्रत घेण्यामागे एक खरी भीतीही आहे, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील एलेनव्हिल येथील इंपीरियल श्रेड हा अमेरिकेतील मोठ्या चाकू कारखान्यांपैकी एक. शेतकरी, शिकारी आणि कामगार यांच्या खिशातला सामान्य चाकू तेथे तयार होत असे. २००४ मध्ये तो अचानक बंद पडला. त्याच राज्यातील कॅमिलस हा जुना कारखाना दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौसैनिकांसाठी चाकू घडवीत होता. तो २००७ मध्ये बंद झाला. दोन्ही नावे पुढे दुसऱ्या कंपन्यांनी विकत घेतली. नाव बाजारात राहिले, पण ज्या कामगारांच्या हातांनी ते नाव मिळवले होते ते घरी बसले. त्यानंतर जुन्या साठ्यातील चाकू शोधून शोधून विकत घेणाऱ्यांची संख्या वाढली.

पोलादाचेही तसेच. न्यूयॉर्कमधील सिरॅक्यूज येथील क्रुसिबल ही कंपनी वितळलेल्या पोलादाची आधी भुकटी करून मग ती दाबून एकजीव करण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध होती. या पद्धतीने पोलादातील कण बारीक आणि सर्वत्र सारखे पसरतात. तिचे 'सीपीएम ३व्ही' हे पोलाद न तुटण्याच्या गुणामुळे रानात वापरायच्या चाकूंसाठी फार नावाजले गेले. ही कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, सावरली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिने पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे तिची मालमत्ता इरास्टील या युरोपीय कंपनीकडे गेली. ज्याने एका विशिष्ट पोलादाच्या चाकूवर वर्षानुवर्षे भरवसा ठेवला, त्याला अशी बातमी वाचून दुसरा चाकू घेऊन ठेवावासा वाटला तर त्याला भित्रा म्हणता येणार नाही.

या सगळ्यात एक सामाजिक सत्य आहे. अवजार आवडणे आणि ते घडवणारी व्यवस्था टिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राहकाला पहिली दिसते, दुसरी दिसत नाही. जेव्हा दिसते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

एकाच घडणीत निरनिराळे पोलाद

काही शौकिनांची जिज्ञासा तांत्रिक असते. पोलादाचा प्रत्येक गुण दुसऱ्या गुणाच्या बदल्यात मिळतो. पाते जितके कठीण, तितकी धार जास्त दिवस टिकते. पण तितकाच ठिसूळपणा वाढतो आणि कठीण लाकडावर घाव पडला की धारेला खांडे पडतात. मऊ पाते तुटत नाही, पण लवकर बोथट होते. क्रोमियम सुमारे तेरा टक्के असले की पोलाद गंजाला दाद देत नाही. पण त्या पोलादाला दगडावर धार चढवायला काही वेळा अधिक कष्ट पडतात. पोलादाला पाणी देण्याची प्रक्रिया, म्हणजे तापवून विझवणे आणि पुन्हा मंद आचेवर शेकणे, यातील थोड्या फरकानेही त्याच पोलादाचा स्वभाव बदलतो.

अशा गुणांची तुलना करायची तर बाकी सर्व सारखे हवे. पात्याचा आकार, जाडी आणि मूठ वेगळी असेल, तर फरक पोलादाचा की घडणीचा हे कळणार नाही. कोलोराडोमधील स्पायडर्को कंपनीने हे ओळखून 'म्यूल टीम' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात एकाच आकाराचे बिनमुठीचे पाते दर वेळी निराळ्या पोलादात काढले जाते. मूठ ग्राहकाने स्वतः बसवायची. घेणाऱ्याकडे दहा पाती असली तरी ती दिसायला एकसारखीच. पाहुण्याला त्यात वेड दिसेल. घेणाऱ्याला ती प्रयोगशाळेतील नमुन्यांची रांग वाटते. शाळेत शिकवलेल्या प्रयोगाचा नियमही हाच असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

राखून ठेवण्याचे मानसशास्त्र

आतापर्यंतची कारणे व्यवहाराची होती. पण अनेक संग्रहांतील दुसरा चाकू कधी म्यानाबाहेरही येत नाही. शौकीन त्याला 'राखीव' म्हणतात आणि पहिल्याला 'वापरातला'. यातील मनोव्यापार पाहण्यासारखा आहे.

नवा, महागडा चाकू हाती आला की पहिला ओरखडा उठवण्याची भीती वाटते. त्या भीतीने तो नुसताच पडून राहतो. तसाच दुसरा कपाटात असला की पहिल्यावर निर्धास्तपणे काम करता येते. लाकूड फोडा, माती लागू द्या, मुठीवर डाग पडू द्या. मूळ रूप सुरक्षित आहे, असा दिलासा असतो. म्हणजे दुसऱ्या चाकूचे काम पहिल्याला मोकळे करणे हे असते. ठेवणीतले लुगडे पेटीत आहे म्हणून रोजच्याचा जीव न करणाऱ्या गृहिणीला हा हिशेब चटकन समजेल.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगांचा प्रयोग या संदर्भात आठवतो. काही विद्यार्थ्यांना मग दिले आणि ते विकण्याची किंमत विचारली. ज्यांना मग मिळाले नव्हते त्यांना ते घेण्याची किंमत विचारली. मग मिळालेल्यांनी मागितलेली किंमत दुसऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. वस्तू आपली झाली की तिचे मोल वाढते, आणि गमावण्याचे दुःख मिळवण्याच्या आनंदापेक्षा तीव्र असते. आवडता चाकू वापरताना झिजतो आहे, ही जाणीव असे थोडे थोडे गमावणेच असते. दुसरी प्रत हा त्यावरचा उतारा.

रसेल बेल्क या अभ्यासकाने १९८८ च्या एका गाजलेल्या लेखात मांडले की, माणूस आपल्या वस्तूंना स्वतःचाच विस्तार मानतो. भटक्याच्या चाकूबाबत हे विशेष खरे आहे. त्याच्यावर पडलेल्या खुणा म्हणजे त्याच्या मालकाच्या प्रवासांची नोंदवही असते. म्हणूनच एक विचित्र गोष्ट घडते: दुसरा चाकू पहिल्याची बदली म्हणून घेतला जातो, पण पहिला गेला तर दुसरा त्याची जागा पुरती भरून काढू शकत नाही. पोलाद तेच, माप तेच. आठवणी मात्र पहिल्याच्या. काही जण मुलांसाठी म्हणून दोन घेतात, वारसा सांगताना भांडण नको म्हणून. पण मुलांना बहुधा वापरलेलाच हवा असतो.

टंचाई आणि तिचा व्यापार

बाजाराला हे सारे चांगलेच कळते. १९७५ मध्ये स्टीफन वर्शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात लोकांना बरणीतील बिस्किटे चाखायला दिली. एका बरणीत दहा बिस्किटे होती, दुसरीत दोनच. बिस्किटे सारखीच असूनही दोनच्या बरणीतील बिस्किटे अधिक हवीशी वाटली. चाकू कंपन्या नेहमीचाच नमुना वेगळ्या रंगाच्या मुठीत किंवा वेगळ्या पोलादात मोजक्या संख्येने काढतात. काही विक्रेते केवळ आपल्याच दुकानासाठी असा नग बनवून घेतात. तो काही तासांत संपतो आणि लगोलग चढ्या भावाने पुन्हा विकायला येतो. ऑर्लँडो येथील रँडल या हातघडणीच्या कारखान्यात चाकू मागवला तर काही वर्षे थांबावे लागते. साहजिकच तयार चाकूला दुसऱ्या हातीही भाव मिळतो. मग 'एक वापरायला, एक विकायला' असा विचार मनात शिरतो आणि छंदाचे सट्ट्यात रूपांतर होते.

सट्टा म्हणून चाकू ही तितकीशी चांगली वस्तू नाही, हे येथे सांगितले पाहिजे. राखून ठेवलेला चाकू आपोआप सुरक्षित राहत नाही. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवलेले पाते चामड्यातील ओल आणि कमावण्याच्या द्रव्यांमुळे गंजते. म्हणून पाते तेलाचा हात देऊन म्यानाबाहेर ठेवावे लागते. जुन्या काळच्या सेल्युलॉइडच्या मुठी काही दशकांनी विघटित होऊ लागतात आणि त्यांतून निघणाऱ्या वायूने शेजारच्या पात्यांनाही गंज चढतो. काही रबरी मुठी कालांतराने चिकट होतात. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत तर हे सारे लवकर घडते. काही न करता मूल्य वाढेल अशी आशा बाळगणाऱ्याच्या पदरी कधी कधी डागाळलेले पाते पडते.

आपल्याकडे दुसरी प्रत का नव्हती?

आपल्याकडेही अवजारांवर प्रेम होते. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर कोयता, विळी, करवत आणि नांगराचा फाळ यांचीही पूजा होते. गोव्यातील रेंदेर माडावर चढून ज्या रुंद पात्याच्या कातीने पोय तासतो, तिची धार जराही बिघडली तर सुरेचा थेंब नीट उतरत नाही. त्यामुळे तो तिला जिवापाड जपतो. तरीही पेटीत तशीच दुसरी काती जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही. याचे कारण गरिबी एवढेच नव्हते. कोयता झिजला, खांडे पडले, मूठ ढिली झाली की तो लोहाराच्या शाळेत नेता येत असे. तो माणूस गावातच होता. तो पात्याला पुन्हा पाणी देई, नवे पोलाद जोडी किंवा त्याच मापाचा नवा कोयता घडवून देई. मालकाचा हात किती लांब, तो डावखुरा की उजवा, हेही त्याला ठाऊक असे.

म्हणजे ज्या दिलाशासाठी अमेरिकी शौकीन दुसरा चाकू कपाटात ठेवतो, तो दिलासा येथे एका माणसाच्या रूपाने शेजारी राहत होता. घडवणारा जवळ असला की प्रत राखावी लागत नाही. कारखाना शेकडो मैल दूर आणि त्याचे भवितव्य हिशेबनिसांच्या हाती असले की ग्राहक स्वतःच आपले छोटे कोठार उभारतो. आज आपल्या गावांतील भातेही एकेक करून थंड होत आहेत आणि बाजारात एकसारखे, साच्यातले कोयते येत आहेत. चांगला जुना कोयता असलेल्या बागायतदाराला 'असा आता मिळत नाही' असे म्हणताना आपण ऐकतो. ही तीच भीती आहे, फक्त तिला अजून बाजारपेठ मिळालेली नाही.

दुसरा घ्यावा का?

आता आपल्याकडेही भटकंतीची आणि गिर्यारोहणाची आवड वाढते आहे आणि परदेशी चाकू सहज मागवता येतात. त्या वाटेने जाणाऱ्यांनी कायद्याचे भान ठेवावे. आपल्या शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. भटकंतीच्या चाकूचे पाते सहसा याहून बरेच लहान असते. तरीही गर्दीच्या ठिकाणी, सभा-मिरवणुकांत चाकू बाळगणे अंगाशी येऊ शकते, आणि विमानाच्या कक्षात तो नेता येत नाही.

खरेदीपूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ निभावते. पहिला चाकू खरोखर झिजेल इतका वापरला जातो का? तो हरवला तर कामाचे खरेच अडेल का? आणि दुसरा आल्यावर पहिला अधिक मोकळेपणाने वापरला जाईल, की दोन्ही शेजारी शेजारी पडून राहतील? पहिल्या दोहोंपैकी एकाचे उत्तर होकारार्थी असेल, तर दुसरी प्रत घेणे शहाणपणाचे आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःलाच द्यायचे आहे. ज्याचा पहिला चाकू अजून नव्यासारखा चकचकीत आहे, त्याने दुसऱ्याचे पैसे वाचवून एक चांगला धार लावण्याचा दगड घ्यावा आणि तो वापरायला शिकावे. आणि गावात अजून एखादा लोहार भाता चालवीत असेल, तर पुढचा कोयता त्याच्याकडूनच घडवून घ्यावा. दुसरा कोयता लागेल त्या दिवशी तो तेथे असावा, याची तजवीज करण्याचा तोच एक मार्ग आपल्या हाती आहे.